‘प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध’ हे शब्द वगळावेत

संपादक महोदय,

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील नव्या औषधांच्या बातम्या आता वरचेवर छापून येतात. त्यांत एक वाक्य जणू ठरलेलेच असते : ‘हे औषध रुग्णाची प्रतिकारशक्ती वाढवते.’ हे वाक्य चुकीचे आहे. चूक केवळ शास्त्राच्या बारकाव्याची असती, तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. पण रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो, कोणता त्रास अंगावर काढतो आणि त्रास झाल्यावर आधी कोणाकडे जातो, हे अशा वाक्यांवरून ठरते. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

खरोखरच ‘वाढवण्याचा’ प्रयोग मेलानोमात होऊन गेला आहे. इंटरल्युकिन-२ हे टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, सरसकट चेतवणारे प्रथिन. अमेरिकी शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८५ मध्ये त्याचे पहिले आशादायक निकाल मांडले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ते पसरलेल्या मेलानोमासाठी मंजूर झाले. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६ ते ७.२ लाख युनिट, दर आठ तासांनी, एका फेरीत जास्तीत जास्त १४ मात्रा. परिणाम असा की केशवाहिन्यांतून पाणी झिरपायचे, रक्तदाब कोसळायचा, फुफ्फुसांत पाणी व्हायचे, लघवी कमी व्हायची. अतिदक्षतेची सोय हाताशी असल्याशिवाय हे औषध देता येत नसे. ज्या २७० रुग्णांच्या माहितीवर मंजुरी मिळाली, त्यांपैकी १६ टक्क्यांच्या गाठी आकसल्या आणि ६ टक्क्यांच्या पूर्ण गेल्या. या ६ टक्क्यांतले बरेच जण पुढे वर्षानुवर्षे रोगमुक्त राहिले, आणि त्यांच्यामुळेच या वाटेवरचे संशोधन बंद पडले नाही. पण सरसकट वाढवण्याने काय होते, हे बाकीच्यांनी सोसले.

आजची औषधे वेगळ्या तत्त्वावर चालतात. टी पेशी जागी व्हायला दोन खुणा लागतात. पहिली म्हणजे समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडून दाखवणाऱ्या एचएलए रेणूवरचा, तिच्या ग्राहीत नेमका बसणारा प्रथिनाचा तुकडा. दुसरी म्हणजे समोरच्या पेशीवरचे बी७ आणि टी पेशीवरचे सीडी२८ या प्रथिनांची गाठभेट. पेशी जागी झाली की थोड्याच वेळात तिच्यावर सीटीएलए-४ हे प्रथिन उगवते. ते त्याच बी७ला सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट चिकटते आणि दुसरी खूण मिळेनाशी होते. हा पहिला लगाम. हे मुख्यतः लसिकाग्रंथींत घडते. पीडी-१ हा दुसरा लगाम प्रत्यक्ष गाठीत ओढला जातो. टी पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा सोडते, त्याच्या इशाऱ्याने कर्कपेशी पीडी-एल१ हे प्रथिन बाहेर काढते, आणि ते पीडी-१वर बसले की टी पेशी थंडावते. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ १९९२ मध्ये शोधले. जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ला प्रतिपिंडाने (ठरावीक रेणूला नेमके चिकटणाऱ्या प्रथिनाने) अडवल्यावर उंदरांतल्या गाठी मावळतात, हे १९९६ मध्ये दाखवले. दोघांना २०१८चे नोबेल मिळाले.

म्हणजे औषध काही वाढवत नाही. ओढलेला लगाम सोडते. यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि बातम्यांत ती कधीच नसते : गाठीला ओळखणाऱ्या टी पेशी मुळात नसतील, तर लगाम सोडून काहीही होत नाही. आणि जर शरीरात स्वतःच्या आतड्याला, थायरॉइडला किंवा हृदयाला ओळखणाऱ्या टी पेशी लगामामुळेच गप्प बसल्या असतील, तर त्याही सुटतात.

फायदा किती झाला, ते आधी सांगायला हवे. १९७५पासून वापरात असलेल्या डकार्बाझीन या केमोथेरपीच्या औषधाने दहापैकी एखाद्या-दुसऱ्या रुग्णाची गाठ आकसत असे, तीही फार काळ नाही. इपिलिम्युमॅब हे सीटीएलए-४ अडवणारे प्रतिपिंड २०११ मध्ये मंजूर झाले. २०१४ मध्ये पीडी-१ अडवणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होल्युमॅब आली. ९४५ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. इपिलिम्युमॅब आणि निव्होल्युमॅब एकत्र मिळालेल्यांपैकी ४३ टक्के, नुसते निव्होल्युमॅब मिळालेल्यांपैकी ३७ टक्के आणि नुसते इपिलिम्युमॅब मिळालेल्यांपैकी १९ टक्के दहा वर्षांनी जिवंत होते. शरीरभर पसरलेल्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या मेलानोमाचे हे आकडे आहेत. पण त्याच चाचणीत दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम झाले. पहिला आकडा छापताना दुसरा गाळू नये.

मेलानोमाच का? बहुतेक मेलानोमा उन्हातल्या अतिनील किरणांनी झालेल्या डीएनएच्या मोडतोडीतून येतात. एका पेशीत हजारो बदल साठतात, त्यांतून शरीराला परकी वाटणारी प्रथिने तयार होतात आणि टी पेशींना ओळखायला भरपूर खुणा मिळतात. मात्र गडद वर्णाच्या लोकांत आढळणाऱ्या मेलानोमांत मोठा वाटा तळवे, तळहात आणि नखाखालच्या मेलानोमांचा असतो. तिथे ऊन पोहोचत नाही, अतिनील किरणांचे ठसे कमी असतात, गुणसूत्रांची तोडफोड जास्त असते, आणि त्यामुळे पीडी-१ औषधांना प्रतिसादही कमी मिळतो. गोऱ्या रुग्णांच्या चाचणीतली टक्केवारी उचलून सर्वांना लावता येत नाही ती यामुळे. ‘आमची त्वचा गडद, आम्हाला मेलानोमा होत नाही’ हा समज तर त्याहून महाग पडतो. १९८१ मध्ये बॉब मार्ले गेले ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलानोमानेच.

तळव्यावरचा मेलानोमा कुरूप किंवा चामखीळ समजून कापला जातो, जाळला जातो, त्यावर मलम लावले जाते. नखाखालचा मार लागून साकळलेले रक्त किंवा बुरशी म्हणून महिनोन् महिने तसाच राहतो. ओळखायच्या खुणा अगदी साध्या आहेत. प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने उठलेली, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद होत जाणारी, मुळाकडे जास्त जाड असलेली, एकाच रंगाची नसलेली काळी पट्टी. आणि नखाच्या मुळाशी कातडीवर पसरलेला काळपटपणा. साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, पट्टी सरकत नाही. नुसत्या नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवून निदान होत नाही. रंग जिथे तयार होतो, त्या नखाच्या मुळातला ऊतक घ्यावा लागतो. काही मेलानोमा काळे नसतातच, गुलाबी मांसल गाठीसारखे दिसतात. तळव्यावरची न भरणारी जखमही म्हणूनच तपासायची.

बायोप्सी कशी घेतली यावर पुढचे सगळे उभे राहते. संशयित डाग शक्य तेव्हा अख्खा, भोवतालची १ ते ३ मिलिमीटर कातडी घेऊन, खालच्या चरबीपर्यंत काढायचा. वरवर तासून घेतलेला तुकडा तळाशी अर्धवट कापला जातो आणि खोली कळत नाही. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेले मोजमाप आजही निर्णायक आहे : बाह्यत्वचेच्या कणीदार थरापासून सर्वांत खोलवरच्या कर्कपेशीपर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत. खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंटिमीटर कातडी काढायची, २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर २ सेंटिमीटर. खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा वर व्रण असेल, तर गाठीचे पाणी ज्या लसिकाग्रंथीत पहिल्यांदा उतरते ती ग्रंथी शोधून तपासण्याचा विचार करायचा. अहवालात खोली, व्रण, विभाजन होणाऱ्या पेशींचे दर चौरस मिलिमीटरमधले प्रमाण आणि कडा स्वच्छ आहेत की नाहीत, यातले काही नसेल तर तो अहवाल अपुरा आहे. रुग्णाने तो परत पाठवायला सांगण्यात गैर काही नाही.

प्रयोगशाळेतली एक अडचण इथे सांगण्याजोगी आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तपकिरी, आणि प्रतिपिंडे वापरून पेशी ओळखण्याच्या चाचणीतला नेहमीचा रंगही तपकिरीच. खूप काळ्या गाठीत कोणता रंग कशाचा, हे कळेनासे होते. तिथे लाल रंग देणारे रसायन वापरावे किंवा आधी मेलॅनिन विरंजनाने उडवावे. मेलॅनिन जनुकीय चाचणीतल्या एन्झाइमलाही अडवते. त्यामुळे बीआरएएफ जनुकातला बदल शोधणारी चाचणी ‘निकाल आला नाही’ म्हणून परत येते आणि वाचणारा ते ‘बदल नाही’ असे वाचतो. दोन्ही एक नव्हेत. नमुना पातळ करून किंवा मेलॅनिन काढून टाकून चाचणी पुन्हा लावता येते.

बीआरएएफ जनुकातला बदल त्वचेच्या जवळपास निम्म्या मेलानोमांत असतो. तो २००२ मध्ये कळला. त्यावरच्या डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांनी गाठी इतक्या झपाट्याने आकसतात की रुग्णाला त्याच आधी द्याव्यात असे कोणालाही वाटेल. पण बऱ्याच जणांत रोग वर्षभरात परततो. कोणते आधी द्यायचे, हे २६५ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. आधी इपिलिम्युमॅब-निव्होल्युमॅब आणि गरज पडल्यास नंतर गोळ्या, या क्रमात दोन वर्षांनी सुमारे ७२ टक्के जिवंत होते. उलट्या क्रमात सुमारे ५२ टक्के. औषधे तीच, क्रम वेगळा. रोग फारच वेगाने वाढत असेल आणि रुग्णाच्या हाती आठवडेच असतील, तर गोळ्या आधी देणे भाग पडते, कारण प्रतिपिंडांना काम दाखवायला वेळ लागतो.

क्रमाचीच दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेची, आणि गेल्या काही वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे काम आमच्या मते हेच. लसिकाग्रंथीत रोग उतरला की आधी ग्रंथी काढायची आणि मग औषध, ही जुनी रीत. ‘लगाम सोडणे’ हे तत्त्व नीट धरले तर ही रीत उलटी वाटायला हवी. गाठीला ओळखणाऱ्या टी पेशी गाठीतच आणि शेजारच्या ग्रंथीतच जमलेल्या असतात. त्या आधी कापून टाकायच्या आणि मग लगाम सोडायचा, यात काय साधते? ३१३ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबच्या एकूण १८ मात्रांपैकी फक्त ३ शस्त्रक्रियेच्या आधी दिल्या, बाकी नंतर. दोन वर्षांनी रोग न वाढता, न परतता राहिलेले ७२ टक्के. सगळ्या मात्रा नंतर मिळालेल्यांत ४९ टक्के. औषध तेच, मात्राही तितक्याच. ४२३ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी इपिलिम्युमॅब ८० मिलिग्रॅम आणि निव्होल्युमॅब २४० मिलिग्रॅमच्या दोन फेऱ्या दिल्या; वर्षभरात ८३.७ टक्के रोगाविना राहिले, नेहमीच्या क्रमात ५७.२ टक्के. काढलेल्या ग्रंथीत कर्कपेशी उरलेल्याच नाहीत किंवा १० टक्क्यांहून जास्त नाहीत असे दिसले, त्यांना पुढचे औषध देण्याची गरजही पडली नाही. म्हणून काखेत किंवा जांघेत मेलानोमाची गाठ निघाली, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी कर्करोगाच्या औषधतज्ज्ञाला दाखवावे. घाई चांगल्या हेतूने होते, पण गाठ काढून झाल्यावर हा पर्याय परत मिळत नाही.

आता दुष्परिणाम. ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असे समजणारा रुग्ण जुलाब झाले तर पोटाचा संसर्ग समजतो. डोकेदुखी आणि थकव्याला तो अशक्तपणा म्हणतो. मग ‘आणखी वाढवण्यासाठी’ गोळ्या आणि पावडरी सुरू करतो. १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद असलेल्या एका अभ्यासात पुरेसा तंतुमय आहार घेणाऱ्यांचे बरे चालले होते, पण त्यासोबत बाजारातले प्रोबायोटिक घेणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. तेव्हा ‘आतड्यासाठी चांगले’ म्हणून काहीही डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला ४ ते ६ वेळा वाढले की औषधाची पुढची मात्रा थांबवायची आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे रोज १ मिलिग्रॅम सुरू करण्याचा विचार व्हायचा. ७ किंवा जास्त वेळा वाढले, रक्त पडले किंवा पोट कळा मारू लागले तर भरती करून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम. घरी लोपेरामाइड घेऊन जुलाब दाबले की हा सगळा हिशेबच चुकतो. आतड्याचा दाह आत चालूच राहतो आणि भोक पडण्यापर्यंत जाऊ शकतो. संसर्ग नाही ना, हे मल तपासून बघायचे, पण अहवालाची वाट पाहत स्टेरॉइड अडवून ठेवायचे नाही. ३ ते ५ दिवसांत उतार नसेल तर दाह शमवणारे इन्फ्लिक्सिमॅब, किलोमागे ५ मिलिग्रॅम, त्याआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी. हेच इन्फ्लिक्सिमॅब यकृताचा दाह असेल तर टाळायचे, तिथे मायकोफेनोलेट. स्टेरॉइड कमी करायला ४ ते ६ आठवडे घ्यायचे. बरे वाटले म्हणून आठवड्यात बंद केले, तर दाह उलटतो आणि दुसऱ्यांदा आवरायला जास्त कठीण जातो. स्टेरॉइडने कर्करोगावरचा परिणाम पुसला जाईल, या भीतीने मात्रा चुकवणारेही असतात. दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टेरॉइडने गाठीवरचा फायदा सहसा जात नाही. दाह वाढू दिला तर मात्र जीव जाऊ शकतो.

ग्रंथींच्या बाबतीत औषधोपचाराचा क्रम चुकला तर घात होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सूज आली की डोके दुखते, गळून जायला होते, रक्तदाब आणि सोडियम उतरतात. अशा वेळी सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसोल हे संप्रेरक तपासायचे. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील, तर आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि काही दिवसांनी थायरॉक्सिन. उलट केले तर उरलेसुरले कॉर्टिसोल झपाट्याने संपते आणि रुग्ण कोसळतो. थायरॉइड आधी काही आठवडे जोरात चालते आणि मग बसते, म्हणून दर ४ ते ६ आठवड्यांनी टीएसएच बघायचे. मधुमेह अचानक उगवतो. आधीची साखर व्यवस्थित असलेला रुग्ण थेट कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची अवस्था) घेऊन येतो, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, त्या वेळी फारसे वाढलेले नसू शकते. त्याला इन्सुलिनच लागते, स्टेरॉइडने तो जात नाही.

हृदयाच्या स्नायूचा दाह शंभरात एखाद्यालाही होत नाही, पण झाला तर सर्वांत घातक तोच. तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येतो. छातीत दुखणे, धाप, किंवा नुसती पापणी उतरणे, दोन-दोन दिसणे, मान टाकणे यांपैकी काहीही असले तरी त्याच दिवशी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्तचाचणी) आणि ईसीजी करायचा. इको सर्वसाधारण आला म्हणून घरी पाठवू नये. संशय पक्का असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस.

औषध थांबवले म्हणजे परिणाम थांबला, असेही नाही. पीडी-१ अडवणाऱ्या प्रतिपिंडांचे अर्धआयुष्य तीन-साडेतीन आठवड्यांचे असते आणि टी पेशींवरची त्यांची पकड त्याहून लांबते. शेवटच्या मात्रेनंतर काही महिन्यांनीही दुष्परिणाम उठतात. तोवर रुग्ण कर्करोगतज्ज्ञाकडे जायचा थांबलेला असतो आणि समोर असतो तो नेहमीचा डॉक्टर, ज्याला या औषधाविषयी काही सांगितलेलेच नसते. औषधाचे नाव आणि शेवटच्या मात्रेची तारीख लिहिलेला कागद खिशात ठेवावा, तो याचसाठी.

अंगावर कोड उठले तर मात्र घाबरू नये. मेलानोमातली आणि निरोगी रंगपेशींतली काही प्रथिने एकच असल्याने तेच सैन्य दोन्हीकडे जाते. मेलानोमाच्या रुग्णांत कोड आलेल्यांची वाटचाल सरासरीने चांगली असते.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठ थोडी मोठी दिसली, तर तीही दर वेळी वाढच असते असे नाही. कधी कधी टी पेशींच्या गर्दीने ती फुगलेली असते. रुग्णाची तब्येत टिकून असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून ठरवतात. मेलानोमात असे दहातल्या एकालाही होत नाही, त्यामुळे दर वाढीला हे कारण चिकटवून दिवस घालवणेही बरोबर नाही. खरा प्रतिरोध असतोच : कर्कपेशी बी२एम हे प्रथिन गमावते, तुकडे मांडणारे रेणूच पृष्ठभागावर येत नाहीत आणि टी पेशीला समोर काही दिसत नाही. अशा गाठीवर तेच औषध आणखी देऊन उपयोग नाही.

तेव्हा कामी येऊ शकते ती टी पेशींचीच लागवड. रुग्णाची साधारण दीड सेंटिमीटरची गाठ काढून तिच्यात शिरलेल्या टी पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि अब्जांच्या संख्येने परत सोडतात. त्याआधी सायक्लोफॉस्फामाइड आणि फ्लुडाराबिनने शरीरातल्या इतर लसिकापेशी कमी कराव्या लागतात आणि नंतर तेच जुने इंटरल्युकिन-२ थोड्या मात्रांत द्यावे लागते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये लिफिल्युसेल या नावाने हा उपचार मंजूर झाला. ७३ रुग्णांत ३१.५ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, आणि हे सगळे आधीची औषधे थकलेले रुग्ण होते. पेशी वाढून तयार व्हायला महिनाभर लागतो, म्हणून रोग धावत सुटण्याआधी त्याची तजवीज करावी लागते.

शेवटचा मुद्दा ‘कर्करोगाची लस आली’ या मथळ्याचा. ही लस निरोगी माणसाने टोचून घ्यायची नाही. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा जनुकीय आराखडा वाचून, त्या एकाच रुग्णाच्या गाठीतले जास्तीत जास्त ३४ बदल निवडून, त्यांचा एमआरएनए तयार करतात आणि पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने १ मिलिग्रॅमच्या ९ मात्रांपर्यंत दर तीन आठवड्यांनी देतात. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. बातम्यांत आलेला ‘४४ टक्के धोका कमी’ हा आकडा १५७ रुग्णांच्या चाचणीतला आहे. १८ महिन्यांनी लस आणि औषध मिळालेल्यांपैकी ७९ टक्के रोगाविना होते, नुसते औषध मिळालेल्यांपैकी ६२ टक्के. त्या पहिल्या विश्लेषणात धोक्याचे गुणोत्तर ०.५६ होते, पण त्याची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ०.३१ पासून १.०२ पर्यंत पसरलेली होती, आणि १ म्हणजे काहीच फरक नाही. म्हणजे फरक योगायोगाचा असण्याची शक्यता पुरती मिटलेली नव्हती. पुढल्या वेळी मथळ्यात ४४ आला, तर खालच्या मजकुरात ७९, ६२ आणि १५७ हे आकडेही यावेत.

आपले,
मेलानोमाचे निदान आणि उपचार या क्षेत्रातले काही वाचक